बुरूडकाम

बुरूडकाम : बांबू चिरून त्याच्या कामट्या व पट्ट्या काढणे आणि त्या विणून किंवा बांधून टोपल्या, सुपे, करंड्या, तट्टे, पंखे, शिड्या इ. वस्तू तयार करणे, या परंपरागत हस्तव्यवसायास बुरूडकाम म्हणतात. हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या करणारा समाज बुरूड या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्राच्या सर्व भागांत हा व्यवसाय आढळत असला, तरी बांबूची विस्तीर्ण वने असलेल्या विदर्भात त्याचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे. प्रस्तुत नोंदीत विदर्भातील बुरूडकामाचे तंत्र आणि नागपूर शहरातील इतवारी या जुन्या पेठेशी असलेला त्याचा संबंध यांची माहिती दिली आहे.

सुतारकाम व बुरूडकाम यांत मूलभूत फरक आहे. सुतार लाकूड कापतो, रंधतो आणि खिळे, खुंट्या वा सांधे यांच्या साहाय्याने त्याचे भाग जोडतो. बुरूड बांबू शक्यतो कापत नाही, तर त्याच्या धाग्यांच्या दिशेने तो चिरतो. तसेच तो भाग जोडत नाही, तर एकमेकांत गुंफतो. त्यामुळे अस्सल बुरडी टोपलीत खिळा, सरस वा स्क्रू नसतो. पट्ट्यांचे परस्परांवरील घर्षण व ताण यांवरच तिचा आकार टिकतो. या कामाची हत्यारे मोजकी व स्वस्त असतात. कारागिराचे भांडवल म्हणजे त्याच्या हातचे कसब व वेळेवर मिळणारा ओला बांबू एवढेच असते. म्हणूनच बांबू कोणाच्या ताब्यात आहे, या प्रश्नावर या व्यवसायाचे भवितव्य आजवर अवलंबून राहिले आहे.

इतिहास व समाज : बांबू चिरून वस्तू करण्याची कला भारतात अतिप्राचीन आहे. वाजसनेयि संहितेच्या तिसाव्या अध्यायात पुरुषमेधाच्या संदर्भात विविध व्यावसायिकांची यादी आली आहे. तीत ‘बिदलकारी’ असा स्त्रीलिंगी शब्द असून, बांबू वा वेत चिरून काम करणारी स्त्री, असा त्याचा अर्थ सामान्यतः केला जातो. हा व्यवसाय तेव्हापासून स्त्रियांच्याही हातचा होता, असे त्यावरून दिसते. आजही बुरुडांच्या घरी बांबू तोडणे व चिरणे हे काम बहुधा पुरुषांकडे, तर विणकाम व विक्री ही कामे मोठ्या प्रमाणावर स्त्रियांकडे असतात. मुले लहानपणापासून पट्ट्या तासावयास बसतात. त्यामुळे संपूर्ण कुटुंब हाच या व्यवसायाचा घटक ठरतो.

महाराष्ट्रातील बुरूड समाज बाराव्या शतकातील शिवशरण मेदार केतय्या यांना आपले आराध्य पुरुष मानतो. बसवेश्वरांचे समकालीन असलेले केतय्या बांबूकाम करून उपजीविका करीत, अशी परंपरा आहे. मध्य प्रांतातील जातिजमातींचे वर्णन करणारा रॉबर्ट व्हेन रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हिंदी भाषक जिल्ह्यांतील बसोर व बांसफोड आणि मराठी भाषक भागातील बुरूड यांचा एकत्र विचार केला आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीतही बसोर, बुरूड, बांसोर, बांसोडी व बसोड ही नावे एकाच गटात येतात. नागपूर हे मराठी व हिंदी भाषक प्रदेशांच्या सीमेवरील शहर असल्याने तेथे या दोन्ही परंपरांचा संगम झाला आहे.

समाजाने या कारागिरांना दिलेली वागणूक त्यांच्या कामाच्या उपयुक्ततेशी विसंगत होती. सुपाविना धान्य निवडले जात नसे व परडीविना मंगलकार्य होत नसे; परंतु ती विणणाऱ्याला गावाच्या कडेलाच जागा मिळे. जन्मल्या बाळाला सुपात निजविण्याची चाल आहे आणि अंत्ययात्रेची तिरडीही बांबूचीच असते. जन्मापासून मृत्यूपर्यंत उपयोगी पडणाऱ्या या वस्तूंचे मोल मात्र बहुधा कमीच राहिले.

बांबूच्या जाती : विदर्भातील वनांत प्रामुख्याने दोन जातींचे बांबू आढळतात. मानवेल (शा. नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस) हा त्यांपैकी अधिक विपुल असून गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया व नागपूर या जिल्ह्यांत आणि मेळघाटात तो मिळतो. त्याची काठी सामान्यतः ८ ते १६ मी. उंच व २·५ ते ८ सेंमी. व्यासाची असते. कोरड्या जागी वाढलेली काठी जवळजवळ भरीव होते. ती लाठ्या व शिड्या यांस उत्तम असते. ओलसर जागी वाढलेल्या पोकळ काठ्या चिरण्यास व विणण्यास सोयीच्या असतात. कटांग (शा. नाव बांबूसा बांबोस) हा काटेरी बांबू नदीनाल्यांच्या काठी वाढतो. तो अधिक उंच, जाड व मजबूत असल्याने मांडव, बल्ल्या व घरबांधणी यांकरिता वापरला जातो. बारीक विणीसाठी कारागीर मानवेलच पसंत करतात [⟶ बांबू].

बांबूचा कोंब पावसाळ्यात जमिनीतून वर येतो आणि दोन-तीन महिन्यांतच आपली पूर्ण उंची गाठतो. वृक्षाप्रमाणे त्याचा घेर पुढे वाढत नाही. परंतु त्याचे धागे कठीण होण्यास सु. तीन वर्षे लागतात. एक वर्षाची काठी लवचिक असली, तरी वाळल्यावर आक्रसते. फार जून काठी विणताना मोडते. म्हणून कारागीर साधारणतः दोन ते चार वर्षे वयाच्या काठ्या निवडतो. काठीचा रंग, पेरावरील आवरणाचे अवशेष आणि टिचकी मारल्यावर येणारा आवाज यांवरून तो तिचे वय ओळखतो.

तोडणी पावसाळा संपल्यानंतर हिवाळ्यात करणे इष्ट असते. वाढीच्या काळात काठीत पिष्टाचे प्रमाण अधिक असते आणि त्याकडे लाकूड पोखरणारे भुंगेरे आकृष्ट होतात. अंधाऱ्या पक्षात तोडलेला बांबू किडत नाही, असा जुना समज आहे. तथापि किडीचा मुख्य संबंध काठीतील पिष्टाशी आहे. तोडलेला बांबू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवल्यास त्यातील विद्राव्य द्रव्ये निघून जातात व तो अधिक टिकतो. चुलीच्या धुरावर टांगलेली टोपली वर्षानुवर्षे टिकते, याचेही कारण किडीला होणारा प्रतिबंध हेच आहे.

बांबूला फुलोरा क्वचित, काही दशकांच्या अंतराने येतो. त्यावेळी एका वनक्षेत्रातील बहुतेक बेटे एकाच सुमारास फुलतात, बी धरतात आणि वाळून जातात. बियांपासून उगवलेली नवी बेटे तोडणीयोग्य होण्यास कित्येक वर्षे लागतात. या काळात त्या वनावर अवलंबून असलेल्या कारागिरांना बांबूची तीव्र टंचाई भासते.

हत्यारे : बुरुडाच्या हत्यारांची नावे प्रदेशपरत्वे बदलतात, परंतु त्यांचे प्रकार सर्वत्र जवळजवळ सारखेच आहेत. काठी आडवी कापण्यासाठी बारीक दात्यांची करवत, चिरण्यासाठी जड पात्याचा कोयता, पट्ट्या सोलण्यासाठी व तासण्यासाठी धारदार सुरी, कोयत्यावर ठोकण्यासाठी लाकडी मोगरी, काठाची बांधणी करताना फट पाडण्यासाठी अणकुचीदार टोचा आणि धार लावण्यासाठी दगड एवढ्या साधनांवर संपूर्ण काम चालते. आधारासाठी लाकडाचा एक ठोकळा असतो. मोजपट्टीचे काम हाताची वीत, चार बोटे व पसरलेला हात यांवर भागते. कारागीर जमिनीवर बसून काम करतो आणि पायाचा अंगठा व तळवा यांनी पट्टी धरून ठेवतो. त्याचे पाय हाच त्याचा शेगडा होय.

कोयत्याचे पाते फार पातळ नसते. बांबू चिरताना धारेचे काम केवळ प्रारंभीची फट पाडण्यापुरते असते; पुढे पात्याची जाडी पाचरीप्रमाणे दोन्ही बाजू दूर सारते आणि फट आपोआप धाग्यांच्या दिशेने पुढे सरकते. याउलट सुरीची धार तीक्ष्ण असावी लागते; कारण पट्टीची जाडी मिलिमीटरच्या अंशापर्यंत तीच ठरविते.

चिरण्याचे तंत्र : बांबूच्या पेऱ्यातील धागे काठीच्या लांबीला समांतर असतात. लाकडात गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या आडव्या ऊतकपट्ट्या असतात, तशा बांबूत नसतात. यामुळे तो सरळ व सहज चिरतो. पेराच्या ठिकाणी मात्र आतील पडद्यामुळे धागे वळतात व एकमेकांत गुंततात. तेथे फट वाकडी होण्याचा धोका असतो. काठीच्या बाहेरील भागात धाग्यांची दाटी अधिक असते व सालीत सिलिकेचा अंश असतो. आतील भाग मऊ व कमी बळकट असतो. एकाच काठीतून निरनिराळ्या गुणांच्या पट्ट्या निघतात, त्या यामुळेच.

चिरताना काठीचे नेहमी दोन समान भाग केले जातात. दोनाचे चार, चाराचे आठ असा क्रम चालतो. दोन्ही बाजूंची जाडी समान असल्यास फट मधोमध राहते. ती एका बाजूकडे सरकू लागली व ती बाजू पातळ होऊ लागली, तर कारागीर जाड बाजू अधिक वाकवितो. ज्या बाजूला अधिक बाक मिळतो तिकडे फट वळते आणि पुन्हा मध्यावर येते. ही दुरुस्ती डोळ्यांपेक्षा बोटांना जाणवणाऱ्या ताणावरून केली जाते. नवशिक्याच्या हातून निम्मा बांबू वाया जातो, तर जुन्या कारागिराकडून काडीही फुकट जात नाही. या व्यवसायातील नफा-तोटा पुष्कळसा या एका कौशल्यावर ठरतो.

अशा रीतीने मिळालेल्या कामटीचे पुन्हा जाडीच्या दिशेने थर सोलतात. सालीकडील थर चकचकीत, चिवट व पाण्याला दाद न देणारा असतो. तो सुपे, उत्तम टोपल्या व काठाची बांधणी यांसाठी राखून ठेवतात. मधल्या थरांपासून सामान्य टोपल्या व तट्टे होतात. सर्वांत आतील भाग जळणास किंवा हलक्या कामास वापरतात. शेवटी मांडीवर जाड कापड ठेवून त्यावर सुरी स्थिर धरतात व तिच्या धारेखालून पट्टी ओढून घेतात. त्यामुळे कुसळे निघून जातात व रुंदी एकसारखी होते.

हे सर्व काम बांबू ओला असतानाच सुकर होते. नागपूरच्या उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते, त्यामुळे साठविलेला बांबू लवकर वाळतो व चिरताना तडकतो. वाळलेला बांबू भिजवून वापरता येतो. तथापि त्याला ओल्या बांबूची लवचिकता येत नाही. एकदम मोठा साठा मिळण्यापेक्षा वर्षभर थोडाथोडा ताजा बांबू मिळणे शहरी कारागिरास अधिक हितावह असते.

वीण व वस्तू : विणीचे तीन प्रमुख प्रकार आहेत. उभ्या पट्ट्यांतून आडवी पट्टी एकीच्या वरून व दुसरीच्या खालून नेण्याची साधी वीण टोपल्यांत वापरतात. दोन पट्ट्या वर व दोन खाली घेऊन, प्रत्येक ओळीत एक घर सरकत जाणारी तिरकस वीण दाट होते. ती सुपे व चटया यांसाठी योग्य असते. तीन दिशांनी पट्ट्या गुंफून केलेली षट्कोनी जाळीदार वीण हलकी व हवेशीर असते. कोंबड्या झाकण्याची डालगी व फळांच्या करंड्या यांत ती दिसते.

टोपलीची सुरुवात तळापासून होते. रुंद पट्ट्या एकमेकींवर आडव्यातिडव्या ठेवून तळ विणतात, त्यांची टोके ओलसर करून वर वळवितात आणि अरुंद पट्टीचे वेढे देत भिंत उभी करतात. वरचा काठ हा टोपलीचा सर्वांत महत्त्वाचा भाग होय. तेथे सालीच्या जाड पट्ट्यांची कडी आतून व बाहेरून बसवून ती बारीक पट्टीने आवळून बांधतात. काठ सैल झाला, की टोपलीचे आयुष्य संपते.

सूप करणे हे बुरुडाच्या कसबाची कसोटी मानली जाते. त्याची वीण इतकी घट्ट असावी लागते, की तिळाचा दाणाही गळू नये. त्याच वेळी ते वजनाने हलके असावे लागते. मागची बाजू व कडा उंचावून पुढचे तोंड रुंद व सपाट ठेवतात. धान्य वर उडविले असता उठणाऱ्या हवेने हलका कोंडा पुढे निघून जातो व जड दाणे मागे साठतात. हा आकार त्याच हेतूने साधलेला असतो. वापरण्यापूर्वी सुपाच्या फटी शेणाने किंवा कागद व मेथी यांच्या लगद्याने लिंपून घेण्याची घरोघरी पद्धत होती.

शेतीसाठी टोपल्या, पाट्या, धान्याच्या कणग्या व ढोल्या. घरासाठी सूप, रोवळी, दुरडी, परडी, चाळणी, पंखा व पाळणा. बांधकामासाठी तट्टे, शिड्या व मांडवाच्या कामट्या असा या वस्तूंचा विस्तार आहे. नागपूरच्या कडक उन्हाळ्यामुळे वाळ्याच्या ताट्यांना तेथे मोठी मागणी असे. कामट्यांच्या चौकटीत वाळ्याची मुळे पसरून बांधलेल्या या ताट्या दाराखिडक्यांना लावून त्यांवर पाणी शिंपडीत. शुभकार्यासाठी लागणाऱ्या परड्या व सुपे यांच्या पट्ट्या लाल, हिरव्या वा पिवळ्या रंगांत रंगवून नक्षी साधतात.

इतवारीची पेठ : इतवार म्हणजे रविवार. वारांची नावे असलेल्या पेठा नागपुरात अनेक असून इतवारी ही त्यांपैकी सर्वांत मोठी व्यापारी पेठ होय. देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी वसविलेले नागपूर पुढे भोसल्यांची राजधानी झाले व त्याच्या पूर्व भागात व्यापाराचा विस्तार झाला. १८६७ मध्ये मुंबईकडून लोहमार्ग नागपुरास पोहोचल्यावर या व्यापारास वेग आला. एकाच प्रकारच्या मालाची दुकाने एका ओळीत, या प्रथेमुळे इतवारीतील गल्ल्यांना किराणा ओळी, सराफा ओळी, भांडे ओळी अशी नावे मिळाली. लगतचे लकडगंज ही इमारती लाकडाची पेठ होय. १९०८ मध्ये सुरू झालेल्या अरुंदमापी लोहमार्गाने इतवारी हे स्थानक उमरेडमार्गे नागभीडशी, म्हणजेच पूर्व विदर्भाच्या वनप्रदेशाशी, जोडले गेले. रुंदमापी परिवर्तनासाठी हा अरुंदमापी मार्ग २०१९ मध्ये बंद करण्यात आला.

घाऊक पेठेला जितका माल लागतो, तितकीच माल भरण्याची साधनेही लागतात. धान्य, मिरची, कांदे, पाने व फळे यांच्या व्यापाराने टोपल्यांना अखंड मागणी निर्माण केली. काटोल, नरखेड व वरूड भागांतील संत्री नागपूरच्या बाजारातून रेल्वेने दूरवर जात. ती बांबूच्या करंड्यांत गवताचे अस्तर घालून भरीत. करंडी हवेशीर असल्याने फळ लवकर नासत नसे व रिकामी करंडी परत पाठविण्याचा खर्चही पडत नसे. संत्र्यांचा हंगाम हाच अनेक बुरूड कुटुंबांचा वर्षातील मुख्य कमाईचा काळ होता.

इतवारीच्या लोकजीवनातही बांबूचे स्थान आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची, तर जागनाथ बुधवारीतील पिवळ्या मारबतीची परंपरा १८८५ पासूनची मानली जाते. या मारबती व त्यांच्यासोबत निघणारे बडगे यांचे सांगाडे बांबू व कामट्यांचे असून त्यांवर कागद व कापड चढवून रंग देतात. रोगराई व अनिष्ट गोष्टी शहराबाहेर घालविण्याचे प्रतीक म्हणून मिरवणुकीनंतर त्यांचे दहन होते. नागपुरातील हिंदी भाषक समाजात छठपूजेला सूप व मोठी टोपली आवश्यक असते. लग्नसराई, पोळा व छठपूजा या काळांत बुरडी वस्तूंची मागणी तात्पुरती वाढते.

बांबूचा पुरवठा व कायदा : वनस्पतिशास्त्रदृष्ट्या बांबू हे गवत आहे, परंतु १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या संज्ञेच्या व्याख्येत त्याचा समावेश करण्यात आला होता. त्यामुळे तो तोडण्यासाठी व वाहून नेण्यासाठी परवाना आवश्यक ठरला. स्वतःच्या शेताच्या बांधावरील बांबू बाजारात नेणेही शेतकऱ्यास कठीण झाले. मध्य प्रांतात निस्तार पद्धतीखाली ग्रामस्थांना घरगुती गरजेपुरते वनोत्पादन मिळत असे. तथापि विक्रीसाठी वस्तू करणारा कारागीर, विशेषतः शहरात राहणारा, या सवलतीच्या कक्षेत सहजासहजी बसत नव्हता.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून कागदउद्योग हा बांबूचा मोठा ग्राहक झाला. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर येथे १९४५ मध्ये स्थापन झालेल्या कागद गिरणीने लगदा करण्यासाठी पूर्व विदर्भातील बांबू मोठ्या प्रमाणावर वापरला. लगद्यासाठी बांबू वाकडा, जुना वा वाळलेला असला तरी चालतो. बुरुडास मात्र ठराविक वयाचा, सरळ, लांब पेऱ्यांचा व ताजा बांबू लागतो. एकाच वनावर दोन अगदी भिन्न प्रकारच्या गरजांचा भार पडला आणि त्यांत संघटित व भांडवलसंपन्न ग्राहकाचे पारडे जड राहिले. लिलावात मोठे गठ्ठे घेण्याची ऐपत नसलेल्या कारागिरास व्यापाऱ्याकडून चढ्या दराने बांबू घ्यावा लागे. नोंदणी झालेल्या बुरुडांना वन विभागाच्या आगारांतून सवलतीने बांबू देण्याची व्यवस्था शासनाने केली. परंतु आगार दूर असल्यास वाहतुकीचा खर्च सवलतीपेक्षा अधिक होतो आणि निवडीला वाव नसल्यास मिळालेल्या मालापैकी पुष्कळसा विणकामास निरुपयोगी ठरतो.

वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये बांबूची गणना गौण वनोत्पादनात करण्यात आली व त्यावर ग्रामसभांचा हक्क मान्य झाला. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क प्राप्त झाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार तेथील ग्रामसभेकडे आला. देशातील या स्वरूपाची ही पहिली घटना होय. पुढे भारतीय वन (सुधारणा) अधिनियम, २०१७ अन्वये ‘वृक्ष’ या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला. त्यामुळे वनक्षेत्राबाहेर लावलेला बांबू तोडण्यास व नेण्यास या अधिनियमाखालील परवान्याची गरज राहिली नाही. बांधावरचा बांबू थेट कारागिराच्या दारी येण्याचा मार्ग तब्बल नव्वद वर्षांनी मोकळा झाला.

सद्यःस्थिती : बांबू मिळणे सुलभ होत असतानाच मागणीचे स्वरूप पालटले. प्लॅस्टिकची घमेली, सुपे व टोपल्या स्वस्त व धुण्यास सोप्या असल्याने घराघरांत आल्या. संत्र्यांसाठी प्लॅस्टिकचे क्रेट व पुठ्ठ्याची खोकी वापरात आली. घाऊक व्यापाराचा मोठा भाग इतवारीतून कळमना येथील बाजार आवाराकडे गेला. तयार पीठ व निवडलेले धान्य मिळू लागल्याने सुपाचा नित्य वापर घटला, तर वाळ्याच्या ताट्यांची जागा विजेच्या कूलरने घेतली. बुरूड कुटुंबांतील शिकलेली तरुण पिढी अन्य व्यवसायांकडे वळली. ज्या व्यवसायाबरोबर कमी प्रतिष्ठा व अपुरे उत्पन्न या दोन्ही गोष्टी चालत आल्या, तो सोडण्यात तिला आपली प्रगती दिसली, हे स्वाभाविकच होय.

बांबूविषयी शासकीय व सामाजिक पातळीवर नवी आस्थाही निर्माण झाली आहे. राष्ट्रीय बांबू अभियान २००६ मध्ये सुरू झाले व २०१८ मध्ये त्याची पुनर्रचना झाली. चंद्रपूरनजीक चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. महाराष्ट्र बांबू विकास मंडळाचे कार्यालय नागपूर येथे आहे. मेळघाटातील लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राने आदिवासी व अन्य कारागिरांना प्रशिक्षण देऊन घरे, फर्निचर, राख्या व शोभेच्या वस्तू यांपर्यंत बांबूचा वापर नेला. बोरिक अम्ल व बोरॅक्स यांच्या विद्रावात मुरवून बांबू कीडमुक्त करण्याची पद्धती रूढ झाली आहे. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये एकवार वापराच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आल्यानंतर बांबूच्या वस्तूंकडे लोकांचे लक्ष पुन्हा वेधले गेले.

या नव्या उद्योगात यंत्राने कापलेल्या समान पट्ट्या, सांधे व स्क्रू यांचा वापर अधिक असतो. त्यातून चांगला रोजगार मिळू शकतो. परंतु हाताने चिरण्याची व विणण्याची बुरडी कला त्यामुळे आपोआप टिकेल असे नाही. यंत्र सर्व काठ्यांना एकाच मापाने कापते, तर बुरूड प्रत्येक काठीचे वय, ओल व धाग्यांचा कल पाहून तिचा उपयोग ठरवितो. हे ज्ञान लिखित स्वरूपात फारसे उपलब्ध नाही. ते हातातून हातात आले आहे. एका पिढीने ते उचलले नाही, तर पुढील पिढीस ते मिळविण्याचे साधन उरत नाही. इतवारीसारख्या पेठेत सूप वा परडी मागणारे गिऱ्हाईक सणासमारंभांपुरते का होईना अद्याप येते. ती मागणी, रास्त दराचा ओला बांबू आणि कारागिराला मिळणारा योग्य मोबदला यांची सांगड बसण्यावर या हस्तव्यवसायाचे पुढील आयुष्य अवलंबून आहे.